विरळणी

डोखळे पॅकहाऊसचा लोगो पेनड्राइव्हमधून आला.
पुण्याच्या कुठल्याशा पोराने काढलेला:
एक घड, एक्केचाळीस मणी,
आणि दर मण्यावर हिरव्यातून पिवळ्यात विरघळणारा उजेड.
कॉम्प्युटरवर देखणा दिसत होता. खोटं कशाला बोलू.

पण कापडाला स्वतःचं मत असतं.
सातपूरच्या या गाळ्यात बावीस वर्षं
मी ते तळहाताने ऐकतोय.
सुती बनियन समजूतदार, शाई पोटात घेतं,
जरा जास्तच घेतं, पोपटी मागा तर शेवाळी देतं.
पॉलिएस्टर मात्र गोड बोलून फसवणारं.
आडगावच्या कबड्डी संघाच्या लाल जर्सीवर
पांढरा वाघ छापला होता एकदा.
भट्टीतून निघाला तेव्हा दुधासारखा,
चौथ्या दिवशी गुलाबी.
पोरं तोच घालून फायनल जिंकली
म्हणून माझे पैसे सुटले.

डोखळे शेठना टी-शर्ट हवे होते,
ड्रायव्हरांना नायलॉनचे विंडचीटर,
ज्यावर हार्डनर विसरलात तर
पहिल्याच घडीला घड तडकतो,
आणि एकशे वीस एप्रन,
पांढरं जाड ड्रिल, तिरक्या विणीचं.

डिसेंबरची सकाळ. शाई थिजलेली.
डबा हीटरजवळ ठेवून तौसिफने चहा आणला,
मग जाळीवर रबर ओढलं.
एक्केचाळीस मण्यांचा एकच लगदा,
जणू घडावर कुणीतरी बसलं होतं.

पुण्याला फोन केला.
“सर, ब्रँडचे नियम आहेत.”
शेठना केला.
“मणी कमी? लोक म्हणतील,
डोखळ्यांकडे यंदा गळ झाली.”

दुपारी त्यांचा पिकअप आला नमुना न्यायला.
मागच्या सीटवरून जमनाबाई भोये उतरली,
सुरगाण्याची, विरळणीच्या टोळीतली,
दवाखान्यातून मळ्यावर परत निघालेली,
बोटाला पट्टी, कमरेला बारकी कात्री.
पाणी मागितलं. पिता पिता
काचेच्या टेबलावर उजेडात पडलेली फिल्म पाहिली.

“हा घड कोणी असा सोडला?”
“असा म्हणजे?”
“विरळणीच नाही ना केली.”

तिने पट्टीचं बोट फिल्मवर ठेवलं.
हा काढ. हा दुसऱ्याच्या पाठीवर बसलाय, काढ.
आतले सगळे काढ, त्यांना ऊन कुठलं?
खांद्यावरचे राहू दे. शेंड्याचा एक राहू दे.
मी लाल मार्करने तिच्या नखामागे
फुल्या मारत गेलो,
जसा तौसिफ माझ्यामागे डबे उचलत जातो.
सोळा उरले.

“एवढ्याने घड दिसेल?”
“आता फुगतील की,” ती म्हणाली,
जणू आज रात्री फिल्मला पाणी सुटणार होतं.
खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

फुगवले मी. रात्रभर बसून,
मणी मोठा, फट रुंद, रेषा जाड.
पिवळा रद्द केला.
उजेड तर छापलाच नाही:
मण्याच्या एका बाजूला
चंद्रकोरीएवढं कापड उघडं सोडलं,
ते आपोआप चमकलं.
ड्रिलवर उतरला, नायलॉनवर तडकला नाही,
बनियनवरही कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही.

शेठ आले. एप्रन हातात घेतला,
बोटांनी चाचपला, मोजला नाही.
“मण्याला साइज चांगली आलीय,” म्हणाले.

जमनाबाईची टोळी तोवर
पुढच्या बागेवर गेली होती.
एप्रन पॅकिंगवाल्या बायकांसाठी होते,
विरळणीला एप्रन नसतो.

बिलात ‘डिझाइन बदल’ असा एक रकाना असतो.
तो कोराच ठेवला.
फिल्म अजून काचेखाली आहे.
लाल फुल्या पंचवीस.
मी मोजल्या.